चित्रकथेचे पहिले पान काढण्याआधी
आपली पेन्सिलीतली पाने पाहिली. हात चांगला आहे, तेव्हा निर्धास्तपणे सुरुवात करा; तूर्त मोजक्याच गोष्टी सांभाळल्या तरी पुरे.

सर्वांत महत्त्वाचा आहे तो संदर्भ घेणे आणि गिरवणे यांतला फरक. नवशिके बहुधा इथेच घसरतात: इंटरनेटवरचे एकच छायाचित्र किंवा दुसऱ्याची चौकट समोर ठेवून तीच ढब, तोच कोन, तीच सावली उचलतात. त्यापेक्षा सकाळी महात्मा फुले मंडईत जाऊन बसा आणि पाटी डोक्यावर घेताना हमालाची मान कशी ताठ होते, कोपर कुठे वळते, हे चार बाजूंनी रेखाटा.

एआयकडून आयती चित्रे घेण्याचा मोह होईलच; पण अशा चित्रांवर कॉपीराइट मिळेलच असे नाही. अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयाने फेब्रुवारी २०२३ मध्ये ‘झार्या ऑफ द डॉन’ या चित्रकथेचा मजकूर आणि मांडणी यांना संरक्षण दिले, मात्र मिडजर्नी या चित्रे बनवणाऱ्या एआयने तयार केलेल्या चित्रांना ते नाकारले. (शिवाय एआयच्या चित्रांत नायिकेचे नाक पानागणिक बदलते, ते वेगळेच!) तरीही वापर केलात, तर प्रकाशकाला आधीच लेखी कळवा.

कच्ची रेखाटने तारखेसह जपा आणि डिजिटल फाइलमधला पेन्सिलीचा लेयर (कच्च्या रेषांचा वेगळा थर) पुसू नका. चोरीचा आरोप झालाच, तर तेच दाखवता येईल. करारपत्रांचे बारकावे पहिली आठ पाने पूर्ण झाल्यावर पाहू.