उद्या बारावीचा इतिहासाचा पेपर आणि पुस्तकाचे तिन्ही भाग कोरे. एका रात्रीत काय होईल?

तू लिहिलंयस की घरी मराठी, शाळा हिंदी माध्यमाची आणि हातात फक्त आजची रात्र. तिन्ही भाग होणार नाहीत, तो नाद सोड. पास होण्यापुरतं आणि वर थोडं, एवढं नक्की होईल.

मीही इंदूरचाच, रामबागेतला. माझ्या बारावीच्या आदल्या रात्री मी सनावळ्यांचा तक्ता भिंतीवर चिकटवून घोकत बसलो होतो. दहा वाजेपर्यंत माझी तालिकोटची लढाई १५५६ ला आणि पानिपतची दुसरी १५६५ ला व्हायला लागली. (आहे बरोबर उलटं.) आत्या समोर ओला हरभरा सोलत बसली होती. म्हणाली, "मला सांग बरं, काय पाठ करतोयस ते."

मी असहयोग आंदोलनावरची पुस्तकातली हिंदी वाक्यं धडाधड म्हणून दाखवली. "हे पुस्तक बोललं. आता तू मराठीत सांग."

आणि मी अडकलो. १९१९ चा रौलट कायदा, त्याच वर्षी एप्रिलात जालियनवाला बाग, मग खिलाफतीची जोड, इथपर्यंत कसंबसं आलो. १९२२ च्या फेब्रुवारीत चौरीचौराला जमावानं पोलीस ठाणं पेटवलं, पोलीस आत जळून मेले, गांधीजींनी आंदोलन मागे घेतलं. आत्याचा हात थांबला. "एवढं रंगात आलेलं, आणि एका गावापायी थांबवलं? का रे?"

मला सांगता येईना. उठून पुस्तक उघडलं. समोरच्यानं कितीही डिवचलं तरी निःशस्त्र माणसांना असं मारणं त्यांना मान्यच नव्हतं, हे त्या दिवशी पहिल्यांदा डोक्यात शिरलं. त्यानंतर १९१९ आणि १९२२ ची अदलाबदल कधी झाली नाही, कारण आधी बाग आणि मग संताप, हा क्रम आत्याला सांगून झाला होता.

तेव्हा आज घरात जो जागा असेल त्याला पकड. हिंदी वाक्य न समजताही तोंडातून वाहत जातं. मराठीत सांगायला गेलास की जे कळलेलं नाही तिथेच जीभ अडते. तेवढंच पान उघड.

गांधीजी, १८५७, हडप्पा आणि संविधान, एवढे चार धडे घे. नकाशासाठी हडप्पाची ठिकाणं नुसती पाठ करू नकोस. नागेश्वर आणि बालाकोटला शंखाच्या बांगड्या व्हायच्या, म्हणजे दोन्ही किनाऱ्यावर. पेन आपोआप समुद्राकडे जातं. सांची तर आपल्याच राज्यातलं. स्तूपाच्या जतनासाठी भोपाळच्या शाहजहाँ बेगम आणि सुलतान जहाँ बेगम यांनी पैसा दिला, हे दोन ओळींत लिहिता आलं पाहिजे.

साडेबाराला झोप. सकाळी नवं काही उघडू नकोस, नकाशा एकदा हातानं काढ, पोहे खा आणि नीघ.

एक धोका मात्र आहे. आपण घरी 'सविनय कायदेभंग' म्हणतो, पेपरात 'सविनय अवज्ञा' लिहायचं. 'गोलमेज परिषद' तिथे 'गोलमेज सम्मेलन' होते. आणि 'संविधान सभा' नीट लिही. आत्या रात्रभर 'घटना समिती, घटना समिती' करत होती आणि मी ९ डिसेंबर १९४६ च्या पहिल्या बैठकीबद्दल हिंदी पेपरात झोकात 'घटना समिति' लिहून आलो. हिंदीत घटना म्हणजे प्रसंग. तपासणाऱ्याला वाटलं असेल, त्या दिवशी दिल्लीत काहीतरी भलतंच घडलं.