शिडीवरून उतरलेली नूर

प्रश्न : दुसऱ्या महायुद्धातली ब्रिटिशांची गुप्तहेर नूर इनायत खान हिला जर्मनव्याप्त फ्रान्समध्ये पॅराशूटने उतरवलं, असं आमच्या कट्ट्यावर सगळे छातीठोकपणे सांगतात. खरं काय?
– एक वाचक, दांडिया बाजार, वडोदरा

उत्तर : कट्टेकऱ्यांकडून चहा वसूल करा. नूर उतरली ती शिडीवरून! जून १९४३ मध्ये, चांदण्या रात्री, लायसँडर या छोट्या ब्रिटिश विमानाने तिला फ्रान्समधल्या आँजे शहराजवळच्या शेतात सोडलं. आपल्याला तिचं कौतुक जरा जास्तच. तिचे वडील इनायत खान वडोद्याचेच ना!

लायसँडर मुळात तोफखान्यासाठी टेहळणी करणारं विमान. १९४० मध्ये फ्रान्सवर दिवसाउजेडी त्याची दैना झाली, पण अगदी कमी वेगात, आखूड जागेत उतरण्याचा गुण रात्री कामी आला. पोटाखाली इंधनाची जादा टाकी, डाव्या अंगाला कायमची शिडी. वैमानिक एकटाच, मांडीवर नकाशा. म्हणून चांदणं हवंच. उतरायची जागा दाखवायला खाली काठ्यांना बांधलेल्या तीन बॅटऱ्या, उलट्या ‘एल’च्या आकारात. लांब बाजू जेमतेम दीडशे पावलं. परवा आपल्या सूरसागर तलावाच्या काठी तेवढी नातवाला घेऊन मोजली. तो म्हणाला, “आजोबा, इथे तर माझी सायकलही थांबत नाही!”

ठरलेलं मोर्सचं (लुकलुकत्या दिव्याच्या सांकेतिक लिपीतलं) अक्षर खालून चमकलं नाही, तर विमान तसंच परत. उतरलं की इंजिन चालूच. शेवटचा प्रवासी आतूनच सामान खाली देई, परतणाऱ्यांच्या बॅगा वर घेई, मग स्वतः उतरे. चार-पाच मिनिटांत विमान पुन्हा हवेत.