लोकलला दिसते, गिटहब पेजेसवर सीएसएस गायब

तुमची अडचण मला समजली ती अशी: व्हीएस कोडच्या लाइव्ह सर्व्हरवर, म्हणजे तुमच्याच संगणकावर, पान झकास दिसतं, गिटहब पेजेसवर (गिटहबच्या वेबसाइट चालवणाऱ्या सेवेवर) चढवलं की पांढऱ्यावर नुसता काळा मजकूर उरतो. बॅनरचं चित्र तर दोन्हीकडे येत नाही. सीएसएसमधले, म्हणजे पानाचं रूप ठरवणाऱ्या फाइलमधले (स्टाइलशीटमधले), रंग-फॉन्टचे नियम ठीक आहेत, त्यांना हात लावू नका. पाथ, म्हणजे फाइलपर्यंतचा पत्ता, चुकलाय, तोही दोन ठिकाणी आणि दोन तऱ्हांनी.

पानाला स्टाइलशीट जोडणाऱ्या लिंक टॅगमध्ये तुम्ही ‘/सीएसएस/स्टाइल.सीएसएस’ लिहिलंय. सुरुवातीचा तो स्लॅश म्हणजे ‘डोमेनच्या मुळापासून शोध’. लाइव्ह सर्व्हरला तुमचं प्रोजेक्टचं फोल्डर हेच मूळ, म्हणून तिथे जमलं. गिटहबवर मूळ म्हणजे ‘तुमचंनाव.गिटहब.आयओ’, आणि तुमची साइट त्याच्या आत, रिपॉझिटरीच्या (गिटहबवरच्या प्रोजेक्टच्या) नावाखाली. पहिला स्लॅश काढा. ब्लॉग फोल्डरातल्या पानांना मात्र एक पायरी वर यावं लागतं, तिथे आधी ‘../’ लावा.

चित्राची गोष्ट निराळी. स्टाइलशीटमधला पाथ पानापासून नाही, स्टाइलशीट जिथे ठेवलीय तिथून मोजतात. तुम्ही ‘इमेजेस/बॅनर.जेपीजी’ लिहिल्यावर ब्राउझर सीएसएस फोल्डरच्या पोटात इमेजेस शोधतो. तिथे काय मिळणार? ‘../इमेजेस/बॅनर.जेपीजी’ करा.

आणखी एक. बॅनरच्या फाइलच्या नावातला बी कॅपिटल आहे, कोडमध्ये स्मॉल. विंडोज चालवून घेतं, गिटहब घेत नाही. नाव बदलाल तर ‘गिट एमव्ही’ने (फाइलचं नाव बदलणाऱ्या गिटच्या कमांडने) बदला, एक्सप्लोररमधून फक्त कॅपिटलचं स्मॉल केलं तर विंडोजवर गिटला बहुधा पत्ताच लागत नाही.

पुढच्या वेळी अंदाज बांधत बसू नका. एफ१२ दाबा, नेटवर्क टॅब उघडा, पान रीलोड करा. ४०४ची (फाइल सापडली नाही) लाल ओळ दिसली की तिच्यावर क्लिक करा, ब्राउझर नेमका कुठल्या पत्त्यावर जाऊन आला ते पूर्ण दिसतं. निम्म्या वेळा चूक तिथेच वाचता येते. ओळ २०० (फाइल मिळाली) दाखवतेय तरी जुनंच रूप दिसतंय, तर कंट्रोल-शिफ्ट-आर दाबा, म्हणजे ब्राउझर साठवलेली जुनी प्रत सोडून पान नव्याने आणतो.

आणि त्यानंतरही रंग बदलला नाही, तर लिंक टॅगमधलं फाइलचं नाव एकदा मोठ्याने वाचा. मी एक अख्खी संध्याकाळ ‘स्टाइल-फायनल२’मध्ये निळ्या रंगाच्या छटा बदलत बसलो होतो, आणि पान जुनीच ‘स्टाइल’ उचलत होतं.