लहान केलं, मग बदललं काय?

अगं,

तुझा लांबलचक मेसेज दोनदा वाचला. एम.एस्सी.ला नॅनो घेऊ का, सर म्हणतात फ्युचर तेच आहे, आत्तेभाऊ म्हणतो स्कोप शून्य, आणि त्या पॅम्प्लेटवर तर कॅन्सरपासून कपाशीपर्यंत सगळ्यावर नॅनो हाच उपाय. आणि एवढं सगळं लिहून झाल्यावर शेवटी, "काका, नॅनो म्हणजे नेमकं काय ते तरी सांगा." अगं, हे आधी विचारायचं, स्कोप-बिप नंतर. असो, विचारलंस हे महत्त्वाचं, तुझ्या वर्गातल्या निम्म्यांनी तेही विचारलं नसेल.

नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग. माणसाचा केस ८० हजार ते लाखभर नॅनोमीटर जाड, डीएनएची रुंदी २. साधारण १ ते १०० च्या पट्ट्यात जे काम चालतं त्याला नॅनो म्हणायचं. हे तुला पाठ असणार, दोन मार्कांचा प्रश्न आहे. पण नुसतं लहान असण्यात काय आहे? दुधातल्या केसिनचे कण शे-दीडशे नॅनोमीटरचे असतात, म्हणून दूधवाल्याला कोणी नॅनोटेक्नॉलॉजिस्ट म्हणत नाही. प्रश्न एकच विचारायचा, आणि तो मी तुला वीट येईपर्यंत सांगणार आहे: लहान केलं, मग बदललं काय?

एक बदलतं ते पृष्ठफळ. एक सेंटीमीटरचा घन घे, त्याचं पृष्ठफळ ६ चौरस सेंटीमीटर. तोच कापून कापून एकेक नॅनोमीटरचे घन केलेस तर सगळ्यांचं मिळून ६,००० चौरस मीटर होतं, म्हणजे जवळजवळ दीड एकर. पदार्थ तेवढाच, एक गुंजभर वाढला नाही. पण रिअ‍ॅक्शन पृष्ठभागावर होते ना, म्हणून कॅटॅलिस्ट (तिचा वेग वाढवणारा पदार्थ) कमी लागतो, चांदी कमी लागते. २००९ मध्ये टाटा स्वच्छ फिल्टर आला, त्याच्या मागे पुण्याच्या टीआरडीडीसी या टाटांच्या संशोधन केंद्राचं काम होतं, भाताच्या तुसाची राख आणि तिच्यावर चांदीचे नॅनोकण, वीज नको, नळाचं प्रेशर नको. तिथं प्रश्न विचारला की उत्तर मिळतं: एवढ्याशा चांदीत एवढं पाणी जंतुमुक्त करायचं तर ती बारीकच असायला हवी.

दुसरं बदलतं ते प्रकाशाशी वागणं. हे मी स्वतः हाताने केलंय म्हणून जरा सविस्तर सांगतो. काचसामान आधी अक्वा रेजियाने (दोन जहाल आम्लांच्या मिश्रणाने) धुवायचं, इथे आळस केला की पुढचं सगळं फुकट. मग क्लोरोऑरिक अ‍ॅसिडचं (त्यात सोनं विरघळलेलं असतं) पातळ, फिकट पिवळं द्रावण उकळायचं आणि ढवळता ढवळता सोडियम सायट्रेट एकदम ओतायचं. पिवळा रंग जातो, क्षणभर वाटतं बिघडलं, मग करडं-निळसर होतं, मग जांभळं, आणि बघता बघता लालभडक. सोनं लाल! कण साधारण १५-२० नॅनोमीटरचे. आता त्यातलं थोडं वेगळं काढून चिमूटभर मीठ टाक, लाल जाऊन निळं होतं, कारण कणांना एकमेकांपासून लांब ठेवणारा चार्ज झाकला जातो आणि ते गोळा होतात. फॅरेडेने असलं लाल सोनं १८५७ मध्येच केलं होतं आणि रंगाचं कारण कणांचा बारीकपणा हेही ओळखलं होतं, मायक्रोस्कोपखाली काही दिसत नसताना.

आणि हे फक्त लॅबमधलं कौतुक नाही. प्रेग्नन्सी टेस्टवर, कोविडच्या रॅपिड किटवर जी लाल रेघ यायची ना, बऱ्याच किटमध्ये ती रेघ म्हणजे हेच सोन्याचे कण, वर अँटीबॉडी चिकटवलेले. रंग डोळ्यांना दिसतो म्हणून मशीन लागत नाही, खेड्यातल्या आरोग्य केंद्रातही चालतं. फायझर, मॉडर्नाच्या लशींत एमआरएनए (पेशीला प्रथिन बनवायची सूचना देणारा रेणू) गुंडाळलेला होता तो साधारण १०० नॅनोमीटरच्या चरबीच्या कणांत, उघडा टोचला असता तर वाटेतच तुटला असता. सनस्क्रीनमधलं झिंक ऑक्साइड बारीक केलं की तोंडावर पांढरा थर दिसत नाही पण यूव्ही अडतंच. प्रत्येक ठिकाणी विचार, लहान केलं, मग बदललं काय, आणि प्रत्येक ठिकाणी एका वाक्यात उत्तर आहे.

आता जिथं उत्तर येत नाही तिथं बघ. ३ नॅनोमीटरची चिप म्हणतात, त्या चिपमध्ये ३ नॅनोमीटरचं काही मोजायला गेलीस तर सापडेलच असं नाही, ते आता पिढीचं नाव झालंय. किंवा तुझ्या बाबांनी विचारलेला नॅनो युरिया. २०२१ मध्ये आला तेव्हा सांगितलं, अर्धा लिटरची बाटली म्हणजे ४५ किलोची गोणी. गोणीत ४६ टक्के नत्र, म्हणजे वीस किलोच्या वर. बाटलीत तेव्हा ४ टक्के, म्हणजे २० ग्रॅम. पानातून थेट जातं, वाया जात नाही म्हणतात, ठीक आहे, गोणीतलं अर्धं वाया गेलं धर, तरी दहा किलो उरलं की! पिकाला नत्र वजनावर लागतं गं, कण बारीक केल्याने नत्राचे अणू वाढत नाहीत. हा हिशोब दहावीच्या पोराला येतो, पण नॅनो शब्द ऐकला की लोकांचं गणित बंद पडतं. मला राग त्याचा आहे.

आणि ते "आपल्या पूर्वजांना नॅनो माहीत होतं" वाले फॉरवर्ड पाठवू नकोस प्लीज. दमास्कसच्या तलवारीत जर्मनीतल्या संशोधकांना २००६ मध्ये कार्बन नॅनोट्यूब, म्हणजे कार्बनच्या अतिबारीक नळ्या, दिसल्या हे खरं, त्या तलवारींचं वुट्झ पोलाद भारतातून जायचं हेही खरं. लोहाराला पोलाद कळत होतं, नॅनोट्यूब नाही, आणि त्यात त्याचा काही कमीपणा नाही.

तू म्हणशील काका एवढे का चिडतात. तर ऐक. मी कोटिंगच्या कंपनीत होतो तेव्हा डब्यावर "नॅनो" छापायचं ठरलं. मी बाहेरून टीईएम (इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपची तपासणी) करून घेतलं, अर्धा-अर्धा मायक्रॉनचे, म्हणजे ५०० नॅनोमीटरचे गठ्ठे. टेक्निकल डेटा शीटवर सही केली नाही. दुसऱ्याने केली, तो पुढे व्हाइस प्रेसिडेंट झाला, मी होतो तिथेच राहिलो आणि तिथूनच रिटायर झालो. काकू अजून ऐकवते की एका सहीपायी कोथरूडचा फ्लॅट गेला. पीएचडी घरच्या अडचणींत राहिली ती राहिलीच, त्याचं वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू. सहीचं नाही वाटत. डब्यात काही बदललंच नव्हतं तर छापणार काय? हे मी तुला समजावतोय की स्वतःला, ते तूच ठरव.

तुझ्या प्रश्नाचं सरळ उत्तर: नॅनो नावाची नोकरी सहसा नसते. फार्मा फॉर्म्युलेशन, डायग्नॉस्टिक किट, बॅटरी, पेंट, चिप, इथं नोकऱ्या असतात आणि त्यांना केमिस्ट किंवा फिजिसिस्ट लागतो ज्याला लहान कण हाताळता येतात. म्हणून केमिस्ट्री पक्की कर, नॅनो त्यावर घे. अ‍ॅडमिशन घेण्याआधी जाऊन बघ, डीएलएस, एक्सआरडी ही कणांचा आकार आणि रचना तपासायची मशीन त्यांच्याकडे आहेत का, की सँपल कुरियरने बाहेर जातं, आणि विद्यार्थ्यांना मशीनला हात लावू देतात का. एक्सआरडीवरून शेरर फॉर्म्युल्याने काढलेला आकार क्रिस्टलाइटचा (कणाच्या आतल्या एकेका स्फटिकाचा), कणाचा नव्हे, एवढं जिथल्या सरांना सांगता येत नसेल तिथं जाऊ नकोस. आणि नॅनोट्यूबच्या पावडरीपाशी मास्क लावतात का तेही बघ, लांब नॅनोट्यूब उंदरांच्या शरीरात अ‍ॅस्बेस्टॉससारख्या वागल्याचं २००८ मध्येच छापून आलंय. बदलतं ते आपल्या बाजूनेच बदलेल असं थोडंच आहे.

राहिला तुझा प्रोजेक्ट. तुळशीच्या अर्कातून चांदीचे कण! अगं, दर वर्षी हा प्रोजेक्ट कुठल्या ना कुठल्या कॉलेजात असतोच, कधी तुळस, कधी कडुलिंब, कधी शेवगा. द्रावण तपकिरी झालं, यूव्ही मशीनवर ४२० नॅनोमीटरला पीक आलं, पेट्रीडिशमध्ये जंतू मेले, बाइंडिंगला द्या. (ते ४२० म्हणजे प्रकाशाची तरंगलांबी, कणाचा आकार नव्हे, व्हायव्हात कोणीतरी हे हमखास गडबडतं.) जंतू कशाने मेले? सिल्व्हर नायट्रेट नुसतंही जंतू मारतं, तुळशीचा अर्कही थोडेफार मारत असेल. त्यामुळे तीन डिश एकत्र लाव, एकीत नुसता अर्क, एकीत तेवढ्याच चांदीचं सिल्व्हर नायट्रेट, एकीत तुझे कण, नीट धुऊन घेतलेले. तिन्हींतल्या झोनचे (जंतू न वाढलेल्या गोलांचे) व्यास पट्टीने मोज आणि आकडे मला पाठव, फोटो नकोत. तिसरी डिश बाकीच्यांपेक्षा वेगळी निघाली नाही तरी तसंच लिही, मार्क कापले तर सरांचा नंबर मला दे.

काका