वाचकांचे प्रश्न : आभार मानावेत कसे?

प्रश्न : क्योतोमध्ये भर पावसात आम्ही बसथांबा शोधत असताना एका वृद्ध बाईंनी, आमची भाषा कळत नसतानाही, आम्हाला थांब्यापर्यंत पोहोचवले, छत्री सौभाग्यवतींच्या डोक्यावर धरल्यामुळे त्यांचा स्वतःचा डावा खांदा पूर्ण भिजला होता. मी पैसे पुढे करताच त्या दोन्ही हात हलवत मागे सरल्या. माझे चुकले का?
– एक वाचक, मंगळवार पेठ, कोल्हापूर

उत्तर : हेतू चांगला होता, रीत मात्र तिथली नव्हती. जपानमध्ये हॉटेलात किंवा टॅक्सीतही बक्षिसी देण्याची प्रथा नाही. रंकाळ्यावर वाट चुकलेल्या पाहुण्याला आपण बिंदू चौकापर्यंत सोडले आणि त्याने नोट काढली, तर आपल्यालाही अवघडल्यासारखे होईलच की! अशा वेळी किंचित वाकून ‘अरिगातो गोझाइमास’ म्हणणे पुरेसे असते. पुढच्या खेपेस कोल्हापुरी चपलेच्या आकाराच्या चार-सहा कीचेन सोबत ठेवाव्यात (खऱ्या चपलेत मापाचा घोळ होतो). भेटवस्तू दोन्ही हातांनी द्यावी आणि समोरच्याने ती लगेच उघडली नाही, तर वाईट वाटून घेऊ नये. देणाऱ्यासमोर न उघडणे हा तिथला जुना शिष्टाचार आहे.