मापटं भंगारात देण्याआधी

प्रश्न : आमचं माळवदाचं घर पाडलं. देवळीत धान्य मोजायचं लोखंडी मापटं, अडकित्ता, निजामाच्या काळातली तांब्याची नाणी आणि जुन्या पावत्या निघाल्या. घरचे म्हणतात, घासून शोकेसमध्ये ठेवा, नाहीतर भंगारात द्या. काय करावं?
– एक वाचक, जिंतूर

उत्तर : भंगारात देऊ नका आणि घासूही नका. आधी वही घ्या. कोणती वस्तू कुठं होती, शेजारी काय होतं, कोण वापरायचं, हे घरातल्या जाणत्यांना विचारून आजच टिपा. कोणाच्या पानसुपारीच्या चंचीतला हे माहीत नसेल, तर अडकित्ता नुसता धातूचा तुकडा उरतो. वस्तूला सुती दोऱ्यानं चिठ्ठी बांधा आणि क्रमांक पेन्सिलीनं घाला. ओल लागली की शाई पसरते.

नाण्यांना चिंच, लिंबू, पितांबरी लावू नका. आम्लानं वरचा तपकिरी थर निघतो, तांबं गुलाबी पडतं, अक्षरं बुजतात. डिस्टिल्ड वॉटरमध्ये बुडवून माती सुटू द्या, कापडानं टिपा, पूर्ण वाळवून कागदी पाकिटात ठेवा. पीव्हीसी प्लास्टिकच्या पाकिटात तांब्यावर हिरवा चिकट थर चढतो. फिकट हिरवी भुकटी सुटणारं नाणं वेगळं काढा; पावसाळ्यात ते आणखी खराब होतं. नाण्यावरचं साल हिजरी, म्हणजे इस्लामी कालगणनेतलं असतं. इसवी सन काढायला त्याला ०.९७ नं गुणून ६२२ मिळवा : हिजरी १३६२ म्हणजे साधारण इ.स. १९४३. सहाशे वर्षांपूर्वीचं नाणं समजून कोणाशी सौदा करू नका.

मापटं धुऊ नका. सुटा गंज कोरड्या ब्रशनं काढा, शिलाई मशीनच्या तेलाचा हात फिरवून लगेच पुसा. तेल जास्त झालं की धूळ धरते आणि धुळीत ओल राहते. खोबरेल नको, ते खवट होतं. दोन मापट्यांचा शेर आणि चार शेरांची पायली हा हिशोब ठरलेला, पण शेर गावोगावी लहानमोठा असे. म्हणून मापटं ज्वारीनं काठोकाठ भरा, हातानं सपाट करा आणि तीच ज्वारी मिलीलिटरच्या खुणांच्या भांड्यात ओता. आलेला आकडा वहीत लिहा. तुमच्या घरी धान्य कोणत्या मापानं दिलं-घेतलं जाई, याचा हा पक्का पुरावा आहे.

पावत्यांना लॅमिनेशन, सेलोटेप नको. चिकटवलेलं पुन्हा सुटत नाही. सपाट फाइलमध्ये ठेवा.

पाया खोदताना जमिनीत पुरलेलं धन निघालं तर मात्र वेगळं : १० रुपयांहून जास्त किमतीचं असेल, तर १८७८ च्या निखात निधी कायद्यानं जिल्हाधिकाऱ्यांना कळवावंच लागतं.