कमांड लाइनवरून थंडरबर्ड उघडताना

प्रश्न : मी थंडरबर्ड हा ई-मेल प्रोग्रॅम वापरतो. दर आठवड्याला एकाच नमुन्याचा अहवाल ठरावीक व्यक्तींना पाठवावा लागतो आणि पत्ते, विषय, फाइल हे सारे दर वेळी हाताने भरावे लागते. विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये केवळ 'थंडरबर्ड' असे टंकल्यास ही आज्ञा ओळखता येत नाही, असा संदेश येतो. कमांड लाइनवरून तयार पत्र उघडता येईल का, आणि ते आपोआप रवानाही होईल का?

उत्तर : पत्र तयार स्थितीत उघडता येते, आपोआप रवाना मात्र होत नाही. आधी त्या संदेशाचे कारण पाहू. नुसते नाव टंकल्यावर कमांड प्रॉम्प्ट तो प्रोग्रॅम चालू फोल्डरमध्ये आणि 'पाथ' या यादीत नोंदलेल्या फोल्डरांमध्येच शोधतो. थंडरबर्डचे फोल्डर सामान्यतः त्या यादीत नसते. म्हणून प्रोग्रॅमचा पूर्ण मार्ग द्यावा. हा मार्ग बहुधा सी ड्राइव्हवरील 'प्रोग्रॅम फाइल्स'मधील 'मोझिला थंडरबर्ड' या फोल्डरात जातो, आणि त्यातील नावांत मोकळ्या जागा असल्यामुळे तो संपूर्ण मार्ग दुहेरी अवतरणचिन्हांत ठेवावा लागतो. लिनक्सवर प्रोग्रॅम नेहमीच्या पद्धतीने बसवलेला असेल तर नुसते नाव पुरते, पण ते सगळे लहान लिपीत टंकले पाहिजे.

नवे पत्र उघडण्यासाठी प्रोग्रॅमच्या नावापुढे 'कंपोज' हा पर्याय द्यावा लागतो. येथे आज्ञा वाचनाच्या सोयीसाठी देवनागरीत छापली आहे. टंकताना प्रोग्रॅमचे, पर्यायाचे आणि 'टू', 'सब्जेक्ट' अशा घटकांचे नाव मूळ रोमन अक्षरांतच लिहावे.

थंडरबर्ड -कंपोज "टू='पहिला पत्ता,दुसरा पत्ता',सब्जेक्ट='साप्ताहिक अहवाल',अटॅचमेंट='फाइलचा पूर्ण मार्ग'"

सारी मेख अवतरणचिन्हांत आहे. बाहेरची दुहेरी चिन्हे संपूर्ण मजकूर एकच तुकडा म्हणून प्रोग्रॅमच्या हाती देतात. आतली एकेरी चिन्हे प्रत्येक घटकाची हद्द ठरवतात. घटक स्वल्पविरामाने वेगळे होतात, त्यामुळे एकेरी चिन्हे गाळली आणि विषयात एखादा स्वल्पविराम आला, तर विषय तिथेच तुटतो व उरलेला भाग वाया जातो. विषयात एकेरी अवतरणचिन्ह वापरणेही टाळलेलेच बरे. एकाहून अधिक फाइली जोडायच्या असतील तर त्यांचे मार्ग एकाच जोडीत स्वल्पविरामाने लिहावेत. अर्थात फाइलच्या नावात स्वल्पविराम असता कामा नये. 'सीसी', 'बीसीसी' आणि 'बॉडी' हे घटकही याच रीतीने देता येतात. पत्राचा मजकूर लांब असेल तर तो आज्ञेत कोंबू नये. वेगळ्या फाइलमध्ये ठेवून 'मेसेज' या घटकाने तिचा मार्ग द्यावा. हीच पद्धत मला अधिक पसंत आहे, कारण मजकूर बदलताना आज्ञेला हात लावावा लागत नाही.

ही आज्ञा एकदा नीट चालली की बॅच फाइलमध्ये (आज्ञा साठवून ठेवणाऱ्या साध्या मजकुराच्या फाइलमध्ये) जतन करावी, म्हणजे पुढे दोनदा क्लिक केल्यावर पत्र समोर येईल. विषय मराठीत असल्यास बॅच फाइल 'यूटीएफ-८' या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत साठवावी आणि तिच्या आरंभी 'सीएचसीपी ६५००१' ही ओळ घालावी (अंक अर्थातच इंग्रजी), अन्यथा मराठी अक्षरांच्या जागी निरर्थक चिन्हे दिसू शकतात. थंडरबर्ड आधीच उघडा असला तरी अडचण नाही. चालू प्रोग्रॅमच नवी खिडकी उघडतो.

आता आपोआप पाठवण्याविषयी. 'कंपोज' पत्राची खिडकी भरून देतो आणि थांबतो. 'सेंड' बटण आपणच दाबायचे असते. ही उणीव मानू नये, असे मला मनापासून वाटते. चुकीची फाइल किंवा जुना पत्ता लक्षात येण्याची तीच शेवटची संधी असते, आणि पाठवलेले पत्र परत घेता येत नाही. माणूस समोर नसतानाही पत्र जावे, अशी खरोखर गरज असेल, तर थंडरबर्डला तसे करायला लावण्याच्या खटपटी करू नयेत; 'एमएसएमटीपी'सारखा, थेट मेल सर्व्हरशी बोलणारा प्रोग्रॅम त्यासाठी योग्य ठरतो.

प्रश्न : काही दिवसांपासून थंडरबर्ड उघडताच बंद पडतो. सेटिंग्जपर्यंत पोहोचताच येत नसेल तर काय करावे?

उत्तर : अशा वेळी कमांड लाइन फारच उपयोगी पडते. प्रोग्रॅमच्या नावापुढे '-सेफ-मोड' लिहून तो सुरू करावा. या अवस्थेत ॲड-ऑन, म्हणजे नंतर जोडलेले पूरक छोटे प्रोग्रॅम, बंद राहतात. प्रोग्रॅम असा टिकला, तर संशय प्रथम ॲड-ऑनवर घ्यावा आणि ते एकेक करून पुन्हा चालू करत दोषी शोधावा. तरीही तो बंद पडत असेल तर '-प्रोफाइलमॅनेजर' हा पर्याय देऊन नवी प्रोफाइल (पत्रे आणि सेटिंग्ज ठेवणारे फोल्डर) तयार करावी आणि तिच्यात प्रोग्रॅम चालतो का ते पाहावे. ती चालली म्हणून जुनी प्रोफाइल लगेच पुसून टाकू नये. 'पीओपी' पद्धतीने उतरवून घेतलेली पत्रे जुन्या प्रोफाइलच्या फोल्डरात असतात आणि सर्व्हरवर त्यांची प्रत उरलेली नसण्याची शक्यता असते. त्या फोल्डरची प्रत अन्यत्र ठेवल्याशिवाय पुढे जाऊ नये.